क्वालालंपूरची मागच्या बाजूची खोली

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी नाही सांगितलं तर मृणाल सांगेल, आणि ती सांगते तेव्हा मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो. बायकोच ती, सोडते काय. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा मात्र निवू देऊ नका.

आधी आमच्या घराण्याची एक गोष्ट समजून घ्या. आमच्यात ‘माहीत नाही’ म्हणायची पद्धतच नाही. बाबा पुण्यात फाटकाशी उभे असले आणि कुणी पत्ता विचारला, तर तो त्यांना ठाऊक असो वा नसो, हात लांब करून ठाम आवाजात सांगणार. पुढे जा, दुसरं डावं वळण, पिठाच्या गिरणीसमोर. एकदा त्यांनी एका अख्ख्या वऱ्हाडाला भलत्याच कार्यालयात पाठवलं. वऱ्हाड तिथे जेवलं, विडा खाल्ला, आणि परत येताना बाबांचे आभार मानून गेलं. आता सांगा, अशा घरात वाढलेल्या पोरावर काय संस्कार होणार? ठामपणे सांगितलं की लोकांचं भलंच होतं, हेच मी शिकलो.

हे शिक्षण घेऊन मी जर्मनीत आलो. फ्रँकफर्टजवळ र्युसेल्सहाइमला. गाव सगळं मोटारींवर जगणारं. आमची फर्म छोटी, मोठ्या कारखान्यांना सुटे भाग डिझाइन करून देणारी. माझ्याकडे दाराच्या बिजागऱ्या होत्या. हसू नका. दार नीट लागलं की लोक गाडीचं कौतुक करतात, आणि करकरलं की बिजागरीवाल्याला शोधत येतात.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. माझं कॉन्ट्रॅक्ट ‘बेफ्रिस्टेट’, म्हणजे मुदतीचं, आणि मुदत वर्षअखेरीला संपत होती. ते कायम झालं तर व्हिसा, घर, सगळं जागच्या जागी राहणार होतं. नाही झालं तर बाडबिस्तरा आवरून पुण्याला परत. आमची ईरा तेव्हा पाच वर्षांची. तिला किंडरगार्टनमध्ये जागा मिळावी म्हणून मृणालने इतके खेटे घातले होते की तिथल्या बाई तिला वाढदिवसाचा केकसुद्धा द्यायच्या. ती जागा पाण्यात गेली असती. आणि हे सगळं ज्यांच्या हातात होतं ते म्हणजे माझे साहेब, हेर क्रेमर, हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत.

क्रेमर म्हणजे उंच, कोरडा, मोजकं बोलणारा माणूस. ते हसतात असं ऑफिसात सगळे सांगायचे, पण पाहिलेलं कुणी भेटलं नाही. कामात मात्र सरळ. तुम्ही एक सांगितलं की ते तेवढंच धरून चालणार, त्यात पाणी घालून घेणार नाहीत. हे नीट लक्षात ठेवा.

तर एक दिवस कँटीनमध्ये क्रेमर माझ्यासमोर ताट घेऊन बसले. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. बायको शाळेत शिक्षिका, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुट्टीतच जाता येणार. दोघांनी क्वालालंपूर ठरवलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं म्हणे की तिथे मलय, चिनी, तमिळ, सगळे एकाच शहरात नांदतात, आणि त्यांना ते सगळं जवळून बघायचं होतं. प्रश्न एकच होता, उतरायचं कुठे. त्यांनी काटा खाली ठेवला आणि मला विचारलं, “तुम्ही त्या बाजूचे ना?”

त्या बाजूचे! पुण्याच्या माणसाला क्वालालंपूरचं विचारणं म्हणजे र्युसेल्सहाइमच्या माणसाला कैरोत कुठे उतरू विचारण्यासारखं. मी मलेशियात पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं. तीन शब्दांत काम झालं असतं.

पण माझा हात बाबांसारखा आपोआप लांब झाला.

“जा, गेनाऊ,” मी म्हणालो. म्हणजे आपलं ‘हो, अगदी बरोबर’. “क्वालालंपूर ना? राहिलोय मी तिथे. हॉटेलचं नाव उद्या आणून देतो.”

क्रेमरनी मान डोलावली. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली म्हणजे काय, मला आमच्या कॉन्ट्रॅक्टवर सहीच दिसायला लागली.

घरी येऊन मृणालला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली. “अरे निखिल, सरळ सांग ना त्यांना, की गेलो नाहीये.” आता? कॉन्ट्रॅक्टच्या तोंडावर? साहेबांनी आपणहून विचारलेला पहिला प्रश्न, त्याला ‘माहीत नाही’ म्हणू? तिने परत कणकेला हात घातला आणि म्हणाली, “निस्तर मग तूच.”

निस्तरायला माझ्याकडे हुकमी एक्का होता, कुमुदआत्या. बाबांची धाकटी बहीण, कोथरूडला असते. काका रिटायर झाल्यापासून दोघं दरवर्षी एखाद्या टूरबरोबर कुठे ना कुठे जातात. तुम्हाला ठाऊक आहेच, आपल्या टूर कशा असतात. बरोबर महाराज, मोठाली पातेली, सिंगापूर असो की स्वित्झर्लंड, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात. आत्याला कुठल्याही शहराचं विचारलं तर ती तिथे काय जेवायला होतं तेवढंच सांगते. लंडन म्हणजे तिच्या लेखी बासुंदी.

भारतीय दुकानातून फोनचं कार्ड आणलं आणि आत्याला लावला. तर काय योगायोग म्हणा, तिने मलेशियाचंच बुकिंग केलेलं. टूरचं पत्रक समोरच होतं. तिने चष्मा लावून हॉटेलचं नाव वाचून दाखवलं, ब्रिकफील्ड्स नावाच्या भागातलं. देऊळ जवळ, उडप्यासारखी हॉटेलं जवळ, स्टेशन जवळ. मी घाईघाईत लिहून घेतलं. कुणासाठी हवंय म्हणून तिने विचारलं, तर म्हटलं अगं, एकाला सांगायचंय, कार्ड संपत आलंय. कधी निघताय, असं मी विचारलं का? नाही. ती आपणहून म्हणाली, भाऊबीज झाली की निघतोय. पण मला तेव्हा दिवाळी कधी आहे हेसुद्धा मराठी मंडळाच्या ईमेलवरून कळायचं. मी आपलं ‘मजा करा’ म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी क्रेमरना नाव दिलं. तिथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण जर्मन माणसाला माहिती दिली की ती पेरल्यासारखी उगवते. त्यांनी बायकोला सांगितलं, आणि बायकोने आम्हाला तिघांना रविवारी कॉफी-केकला बोलावलं.

फ्राऊ क्रेमर फार गोड बाई. समोर जाडजूड पुस्तक, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या. पुस्तकात तर बुकित बिनतांगची झगमग दिली आहे, चायनाटाउनचा बाजार दिलाय, मग ब्रिकफील्ड्सच का, असं तिने विचारलं. आता मी रंगात आलो होतो. म्हटलं, बुकित बिनतांगला नुसती दुकानं, ती फ्रँकफर्टलाही आहेत. चायनाटाउनमध्ये रात्रभर गलका. ब्रिकफील्ड्सला बघा, पहाटे देवळातली घंटा, दुपारी मशिदीतली अजान, संध्याकाळी चिनी कढईचा चुर्र आवाज, तिन्ही समाज खिडकीतून दिसतात. गंमत म्हणजे हे सगळं मी हवेतून काढलं, आणि पुढे त्यातलं बरंचसं खरं निघालं.

फ्राऊ क्रेमरने पेन्सिल उचलून विचारलं की तुमची खोली कोणती होती.

माझी खोली! मृणालने केकमध्ये तोंड घातलं. मी क्षणभरही अडखळलो नाही. म्हटलं, तिसरा मजला, मागची बाजू. एकदम शांत. तीच मागून घ्या.

आणि त्यांनी तीच मागून घेतली. हॉटेलने कळवलं की मागची बाजू एका ग्रुपसाठी ठेवली आहे, पुढची खोली देतो. क्रेमरनी उलट ईमेल केली की आमच्या सहकाऱ्याचा अनुभव आहे, मागचीच हवी. शेवटी दिली बिचाऱ्यांनी. क्रेमरनी हे मला ऑफिसात सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं, हेच ते हसू.

त्यानंतर माझा भाव इतका वधारला की विचारू नका. छत्री न्यायची का, देवळात काय घालून जायचं, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची का, ऑफिसात जो तो मला विचारायचा. कुणाच्या भाचीला बाली, कुणाच्या मेहुण्याला सायगॉन. मी सगळ्यांना उत्तरं दिली. एकही माणूस रिकाम्या हाताने परत पाठवला नाही.

क्रेमर गेले, दोन आठवड्यांनी उन्हात भाजून परत आले. सोमवारी मी धावत केबिनमध्ये गेलो, हॉटेल कसं होतं विचारायला. “खूप शिकायला मिळालं,” एवढंच म्हणाले. आणि रविवारी दुपारी फोटो बघायला या, मुलीलाही आणा.

मी मृणालला म्हटलं, बघ, म्हणत होतो ना? ती अशी गप्प बसली की मला सावध व्हायला हवं असतं, पण तेवढी अक्कल असती तर ही वेळच आली नसती.

रविवारी त्यांच्या बैठकीत टीव्हीला कॅमेरा जोडला होता. क्रेमर रिमोट घेऊन बसले. पहिला फोटो, एका ताटलीत पिवळं काहीतरी. नीट बघितलं तर पोहे. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

क्रेमर म्हणाले की खोलीच्या शेजारीच एका ग्रुपचं स्वयंपाकघर लावलेलं होतं. भल्या पहाटेपासून मोहरी तडतडायची, त्या वासानेच जाग यायची. मग ते लोक हाताला धरून जेवायला बसवायचे. “हा चपट्या तांदळांचा नाश्ता,” त्यांनी विचारलं, “मलय लोकांचा का?”

आता सांगा, काय बोलायचं होतं मी? मी तिथे राहिलेला माणूस. हे आमच्याकडचं म्हणालो असतो, तर मग तुमच्या हॉटेलात तुमच्याकडचे लोक कसे, हा प्रश्न आलाच असता.

“गेनाऊ,” मी म्हणालो. “खास मलय.”

टेबलाखालून मृणालचा पाय लागला. मी दुर्लक्ष केलं.

दुसरा फोटो बसमधला. डावीकडचे रुमाल हलवतायत, उजवीकडचे टाळ्या पिटतायत, मध्ये फ्राऊ क्रेमर उभ्या. एका बाजूचं गाणं ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराने दुसऱ्या बाजूने सुरू करायचं, असा काहीतरी खेळ होता म्हणे. ही कुणाची प्रथा? मलयांना एक देऊन झालं होतं, म्हणून म्हटलं, ही चिन्यांची. फार जुनी.

तिसऱ्या फोटोत फ्राऊ क्रेमरच्या कपाळावर हळदीकुंकू आणि ओंजळीत गजरा. क्रेमरनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तमिळ. म्हणजे बघा, तिन्ही समाजांना मी समान वाटा दिला. कुणावर अन्याय केला नाही.

क्रेमरनी रिमोट दाबला.

चौथ्या फोटोत, डाव्या हाताने फ्राऊ क्रेमरच्या खांद्याला विळखा घालून, उजव्या हाताने त्यांना भरवत, पायात स्पोर्ट्स शूज, अंगावर नारायणपेठी आणि त्यावर स्वेटर, अशी साक्षात कुमुदआत्या.

मृणालने डोळे मिटले. अजूनही एक आशा होती की क्रेमरना ही बाई कोण ते माहीत नसेल. तेवढ्यात सोफ्यावर पाय हलवत बसलेली ईरा मोठ्याने म्हणाली, “दास इस्ट डोख आत्याआजी.” अहो, ही तर आत्याआजी! पोरीला मराठीत बोल म्हणून इतकं सांगितलं, पण ती नेमकी सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलली.

क्रेमरनी रिमोट खाली ठेवला. फ्राऊ क्रेमर उठून आत गेल्या आणि स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. आत चकल्या. “तुमच्यासाठी दिल्यात,” त्या म्हणाल्या. “आणि डबा परत पाठवायचा आहे.”

मग कळलं काय झालं ते. आत्याला गोरं माणूस दिसलं की ती देश विचारते. जर्मनी म्हटलं की ती पुढचा प्रश्न विचारणारच, माझा भाचा असतो तिकडे, ओळखता का? आपली माणसं जगभर हा प्रश्न विचारत हिंडतात. जर्मनी म्हणजे काय कोथरूड आहे? आजवर कुणालाही त्याचं उत्तर ‘हो’ मिळालेलं नसेल. आत्याला मिळालं. र्युसेल्सहाइम, गाडीची दारं, निखिल. दोन मिनिटांत सगळं जुळलं. मग तिने आनंदाने सांगितलं की हॉटेलचं नाव त्याला मीच दिलं, तो कशाला येतोय इकडे, त्याने मलेशिया नकाशात तरी बघितलाय का विचारा.

“म्हणजे मघापासून तुम्हाला...” मी कसंबसं म्हणालो.

“हो,” क्रेमर म्हणाले. “मला बघायचं होतं की तुम्ही कुठे थांबता.”

मग ते नेहमीच्या आवाजात, अजिबात न चिडता बोलले, आणि तेच जास्त लागलं. “बिजागरी किती वजन पेलेल, हे मी तुम्हाला विचारतो. तुम्ही ‘गेनाऊ’ म्हणता आणि त्यावर दार बसतं. आता तुमच्या कुठल्या ‘गेनाऊ’वर दार बसवू?”

मी चकल्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि परत काढलं.

“तुमच्या आत्यांनी मला आणखी एक विचारलं,” ते म्हणाले. “भाच्याची नोकरी पक्की होणार का. मी त्यांना म्हणालो, माहीत नाही.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “बघा, म्हणता येतं.”

घरी येताना मला लाज वाटत होती. खरीखुरी लाज, कान तापवणारी. मृणाल ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती चालत होती. ईरा डबा पोटाशी धरून चकली खात होती. आणि मला किंडरगार्टनच्या फाटकावरचं तिच्या नावाचं चित्र आठवत होतं, ते डिसेंबरनंतर काढावं लागेल म्हणून. आपल्या तोंडामुळे.

त्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. मोठी मीटिंग. त्यांच्यातल्या एकाने विचारलं की ही नवीन बिजागरी फिनलंडच्या थंडीत करकरणार तर नाही ना? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. क्रेमर पेन्सिलीकडे बघत होते.

‘गेनाऊ’ माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. हातसुद्धा टेबलावरून लांब व्हायला लागला होता. मी तो दुसऱ्या हाताने धरला आणि म्हणालो, “मला माहीत नाही. तपासून सांगतो.”

शप्पथ सांगतो, मला वाटलं छत कोसळणार. काही कोसळलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, ठीक आहे. क्रेमरनी काहीतरी लिहून घेतलं. आम्ही बिजागरी थंड पेटीत घालून तपासली, आणि ती करकरली. चांगलीच करकरली. मी हो म्हणालो असतो तर ती करकर अख्ख्या फिनलंडने ऐकली असती. दुरुस्त केली आणि मग दिली.

नाताळच्या सुट्टीआधी क्रेमरनी केबिनमध्ये बोलावलं आणि कायमचं कॉन्ट्रॅक्ट समोर सरकवलं. भाषण वगैरे काही नाही. मी सही केल्यावर म्हणाले, “आत्यांना कळवा. त्यांनी परत विचारलं, तर आता मला माहीत आहे.”

मी घरी फोन केला तर मृणाल रडली. मग म्हणाली, आत्याचा डबा अजून पाठवला नाहीयेस.

संपलं का? नाही हो. पुढच्या वर्षी क्रेमर नवरा-बायको परत सुट्टीवर निघाले. कुठे? पुण्याला. माझ्या पुण्याला! ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी क्रेमरनी हे सांगितलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता या विषयात तरी मी थाप मारणार नव्हतो. गल्लीबोळ पाठ, कुठे डास, कुठे पाणी, कुठल्या हॉटेलात सकाळी गरम पाणी येतं, सगळं ठाऊक. मी कप बाजूला ठेवला, हात लांब केला आणि म्हणालो, “राहायचं ना, तर मी सांगतो—”

“नको,” क्रेमर म्हणाले. “आम्ही फ्राऊ आत्यांकडेच उतरतोय. मागची खोली. त्यांनी बजावलंय, राहायचं कुठे ते निखिलला विचारू नका.”

आयुष्यात पहिल्यांदा मला खरंच उत्तर माहीत होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. लांब केलेला हात परत घेऊन मी कप उचलला.

“जा,” म्हणालो. “गेनाऊ.”